अनियमित ठोक्यांची माहितीपुस्तिका : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२६

एट्रियल फिब्रिलेशनचे, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या, रोजच्या बोलण्यात एएफ म्हटल्या जाणाऱ्या विकाराचे, निदान झालेल्या माणसाच्या हातात पहिल्या आठवड्यातच जी माहिती पडायला हवी ती एका लहान पुस्तिकेत आणायची, असे आम्ही तिघांनी ठरवले आहे. मजकूर मी लिहिणार, औषधांचा भाग औषधनिर्माणशास्त्र शिकवणारे माझे एक सहकारी पाहणार आणि पूर्ण मसुदा एक हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर तपासून देणार. मी स्वतः काही वर्षांपासून एएफची रुग्ण आहे, त्यामुळे या विकारात माणसाला कोणते प्रश्न पडतात ते मला ठाऊक आहे. उत्तरे मात्र माझ्या अनुभवातून द्यायची नाहीत, अभ्यासांतून द्यायची, अशी अट मी पहिल्याच दिवशी स्वतःला घालून घेतली.

आजचा सगळा वेळ पुस्तिकेचा क्रम लावण्यात गेला. नव्याने निदान झालेला रुग्ण आहाराबद्दल आणि पूरकांबद्दल आधी विचारतो: मॅग्नेशियम घ्यावे का, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल चालतील का, कॉफी सोडावी का. हे स्वाभाविकच आहे, कारण या गोष्टी त्याच्या स्वतःच्या हातात असतात. ज्या प्रश्नावर पुढचे आयुष्य अवलंबून असते तो रक्ताच्या गुठळीचा प्रश्न मात्र पुष्कळदा विचारायचा राहूनच जातो. म्हणून आधी गुठळी, मग रक्तदाब, वजन, झोप आणि मद्य, त्यानंतर ठोक्यांची गती व लय, आणि सर्वांत शेवटी पूरके, असा क्रम आम्ही नक्की केला. वाचक पूरकांचे पान आधी उघडणारच, असे सहकाऱ्यांचे म्हणणे पडले. ते खरे आहे, म्हणून त्या पानाच्या पहिल्या ओळीतही गुठळीचाच उल्लेख राहील.

९ जानेवारी २०२६

विकाराचे स्वरूप सांगणारे प्रकरण लिहून झाले. निरोगी हृदयात उजव्या अलिंदातील, म्हणजे उजवीकडच्या वरच्या कप्प्यातील, सायनस नोडमधून ठोक्याची सुरुवात होते आणि दोन्ही अलिंदे जवळजवळ एकाच वेळी आकुंचन पावतात. एएफमध्ये अलिंदांत मिनिटाला ३५० ते ६०० इतके विस्कळीत विद्युत् आवेग फिरत राहतात, त्यामुळे अलिंदे नीट आकुंचन न पावता नुसती थरथरतात. अलिंदे आणि निलये (खालचे कप्पे) यांना जोडणारा एव्ही नोड त्यांतले थोडेच आवेग खाली निलयांकडे जाऊ देतो, आणि जे जातात तेही ठरावीक अंतराने जात नाहीत. म्हणून नाडी अनियमित लागते आणि त्या अनियमितपणातही कसलाच क्रम सापडत नाही.

डाव्या अलिंदाला लागून एक लहान पिशवीसारखा भाग असतो. अलिंद थरथरत राहिले की या भागात रक्त साकळते, आणि झडपांचा मोठा आजार नसलेल्या रुग्णांमध्ये सापडणाऱ्या अलिंदातील गुठळ्यांपैकी सुमारे ९० टक्के गुठळ्या इथेच असतात. तिथून निसटलेली गुठळी मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की पक्षाघात होतो. फ्रेमिंगहॅम येथील दीर्घकालीन अभ्यासाच्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात एएफ असलेल्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट आढळला. रुग्णाला धडधड जाणवते की नाही याच्याशी या धोक्याचा थेट संबंध नाही. ज्याला काहीच जाणवत नाही त्याच्याही अलिंदात गुठळी होऊ शकते. हे वाक्य मी जाड ठशात घ्यायला सांगितले आहे.

एक लक्षण बहुतेक माहितीपत्रकांत येत नाही, ते मी मुद्दाम घातले. धडधड सुरू झाल्यावर थोड्याच वेळात वारंवार आणि भरपूर लघवी होऊ लागते. अलिंदावर ताण आला की त्याच्या पेशींतून एक संप्रेरक रक्तात मिसळते आणि ते मूत्रपिंडांना मीठ व पाणी बाहेर टाकायला लावते, हे त्यामागचे कारण. माझ्या पहिल्या झटक्यात हे कळले नव्हते आणि मी मूत्रमार्गाच्या संसर्गाचीच काळजी करत बसले होते; वाचकाची तेवढी तरी चिंता वाचावी.

१४ जानेवारी २०२६

नाडी आणि रक्तदाब कसे मोजायचे ते पान आज आम्ही प्रत्यक्ष करून पाहत लिहिले. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तर्जनी व मधले बोट ठेवून पूर्ण ६० सेकंद ठोके मोजायचे. १५ सेकंद मोजून चाराने गुणण्याची सवय एएफमध्ये उपयोगाची नाही, कारण एका पावमिनिटात चार ठोके घाईघाईने येतात आणि पुढच्यात मोठी पोकळी पडते. काही ठोके इतक्या लवकर येतात की तोवर निलयात पुरेसे रक्त भरलेलेच नसते. असा ठोका छातीवर स्टेथोस्कोपने ऐकू येतो, पण मनगटापर्यंत पोहोचत नाही. डॉक्टर छातीवर आणि मनगटावर एकाच वेळी मोजतात ते या दोन आकड्यांतला फरक पाहण्यासाठी.

घरच्या स्वयंचलित रक्तदाबयंत्राचेही तसेच आहे. प्रत्येक ठोक्यात बाहेर फेकले जाणारे रक्त कमीजास्त होत असल्याने एकामागून एक घेतलेल्या मोजण्या बऱ्याच वेगळ्या येतात, म्हणून एक-दोन मिनिटांच्या अंतराने तीनदा मोजून सरासरी लिहावी. रुग्ण एकाच मोठ्या आकड्याने घाबरतात आणि त्या भीतीने पुढचा आकडा आणखी चढतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

मनगटी घड्याळांबद्दल डॉक्टरांनी एकच दुरुस्ती सुचवली. प्रकाशाने नाडी टिपणारे घड्याळ फक्त शंका व्यक्त करते. निदान इसीजीवरच होते, आणि एकाच लीडची पट्टी असेल तर ती किमान ३० सेकंदांची लागते. पट्टीवर पाहायच्या दोन खुणा आम्ही आकृतीत दाखवणार आहोत: उंच टोकांमधली अंतरे असमान असतात, आणि त्यांच्या आधी एरवी दिसणारा लहान गोल उंचवटा, म्हणजे पी तरंग, दिसत नाही.

२१ जानेवारी २०२६

गुठळी रोखण्याच्या औषधांचे प्रकरण. ही गोळी कोणाला द्यायची ते ठरवण्यासाठी चॅड्स-व्हॅस्क नावाचे गुणांकन वापरतात. हृदयाची कार्यक्षमता घटलेली असणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तवाहिन्यांचा आजार, ६५ ते ७४ वय आणि स्त्री असणे यांना प्रत्येकी १ गुण. ७५ किंवा अधिक वय आणि पूर्वी झालेला पक्षाघात यांना प्रत्येकी २ गुण. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्त्री असण्याचा गुण काढून टाकला. नव्या पद्धतीत २ किंवा अधिक गुण असल्यास गोळीची शिफारस आहे आणि १ गुण असल्यास तिचा विचार करावा असे म्हटले आहे. माझे वय ६७ आणि मला उच्च रक्तदाब आहे, म्हणजे जुन्या हिशेबाने ३ आणि नव्याने २ गुण. निर्णय दोन्हीकडे तोच येतो. पुस्तिकेत हे उदाहरण नाव न देता घेतले आहे, कारण गुण बदलूनही उपचार तोच राहतो हे त्यातून स्पष्ट होते.

औषधांचे दोन गट आहेत. वॉर्फरिन जुने; त्यात दर काही आठवड्यांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप, तपासून तो बहुधा २ ते ३ यांच्यामध्ये ठेवावा लागतो. वॉर्फरिन घेणाऱ्याने हिरव्या पालेभाज्या बंद कराव्यात हा समज मला सर्वत्र भेटतो आणि तो खोडून काढायला मी अर्धे पान दिले आहे. पालेभाज्यांतले जीवनसत्त्व के या औषधाच्या विरुद्ध काम करते हे खरे; पण गोळीची मात्रा माणसाच्या नेहमीच्या आहारावरच बसवलेली असते, म्हणून दर आठवड्याला साधारण तेवढेच खात राहिले की पुरते. अडचण येते ती महिनाभर पालेभाजी टाळून मग रोज खायला लागल्यावर. नव्या गटात डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्सॅबान, अपिक्सॅबान आणि एडॉक्सॅबान ही औषधे येतात. त्यांना आयएनआर लागत नाही, पालेभाज्यांचे बंधन नाही, आणि कवटीच्या आतल्या रक्तस्रावाचे प्रमाण वॉर्फरिनच्या तुलनेत सुमारे निम्मे आढळले आहे. मात्र हृदयात धातूची झडप असेल, किंवा मिट्रल झडप मध्यम ते तीव्र प्रमाणात अरुंद झालेली असेल, तर वॉर्फरिनच योग्य. संधिवाताच्या तापाने झालेल्या झडपांच्या आजारातील एएफवर २०२२ मध्ये इन्व्हिक्टस ही मोठी चाचणी प्रसिद्ध झाली; तिच्यात रिव्हरॉक्सॅबान घेणाऱ्यांपेक्षा वॉर्फरिनच्या गटातील औषध घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले.

२३ जानेवारी २०२६

सहकाऱ्यांनी औषधांच्या प्रकरणाला जोडलेल्या बारीक सूचना आज मजकुरात घातल्या. रिव्हरॉक्सॅबानची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची, रिकाम्या पोटी ती पुरेशी शोषली जात नाही. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडून भुकटी घ्यायची नाही, कारण तसे केल्यास रक्तात जाणारे प्रमाण खूप वाढते. ती मूळ वेष्टनातच ठेवायची, आठवड्याच्या डबीत काढून ठेवायची नाही. गोळी राहून गेली तर दिवसातून दोनदा घ्यायच्या औषधात ६ तासांपर्यंत आणि एकदा घ्यायच्या औषधात १२ तासांपर्यंत आठवताच घ्यावी, त्यानंतर ती सोडून पुढची वेळ पाळावी. दोन गोळ्या एकदम कधीही घेऊ नयेत. या औषधांचा परिणाम एका दिवसातच ओसरू लागतो, त्यामुळे प्रवासात डबी घरी विसरण्याला इथे फार महत्त्व आहे.

ॲस्पिरिनबद्दल वेगळी चौकट केली. एएफमधील पक्षाघात टाळण्यासाठी ॲस्पिरिनची शिफारस आता नाही: संरक्षण अपुरे मिळते आणि रक्तस्रावाचा धोका मात्र राहतो. तसेच रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढतो, म्हणून गुडघेदुखीसाठीही ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

३० जानेवारी २०२६

पूरकांचे प्रकरण पुस्तिकेत शेवटी असले तरी लिहायला आज घेतले, कारण सहकारी पुढच्या महिन्यात परीक्षांत गुंतणार आहेत. आम्ही दोघांनी मिळून सर्वाधिक वेळ याच प्रकरणाला दिला.

माशाच्या तेलाचा भाग वाचून पुष्कळांना धक्का बसेल. हृदयासाठी चांगले म्हणून घेतल्या जाणाऱ्या या कॅप्सूल एएफ वाढवू शकतात. २०२० च्या स्ट्रेंग्थ चाचणीत रोज ४ ग्रॅम ओमेगा-३ (माशाच्या तेलातील मेदाम्ले) घेणाऱ्यांपैकी २.२ टक्के लोकांना नव्याने एएफ झाला, तर मक्याचे तेल घेणाऱ्या गटात १.३ टक्के. २०२१ मध्ये सात चाचण्यांतील ८१,००० हून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा रोज १ ग्रॅमहून अधिक मात्रेत एएफचा धोका ४९ टक्क्यांनी आणि १ ग्रॅम किंवा कमी मात्रेत १२ टक्क्यांनी जास्त दिसला. आहारातून मासे खाण्याबद्दलचा हा निष्कर्ष नाही. तो कॅप्सूलमधल्या मोठ्या मात्रेबद्दल आहे, आणि हा फरक मजकुरात सुटणार नाही याची मी काळजी घेतली आहे. ज्यांना ट्रायग्लिसराइड फार वाढल्यामुळे डॉक्टरांनीच ही कॅप्सूल दिली आहे त्यांनी ती परस्पर थांबवू नये, एएफचा उल्लेख करून पुन्हा विचारावे. जीवनसत्त्व ड आणि कमी मात्रेतील ओमेगा-३ यांची २५,००० हून अधिक लोकांवर पाच वर्षांहून अधिक काळ चाचणी झाली (व्हायटल ऱ्हिदम, २०२१) आणि दोहोंनीही एएफ टळला नाही. रक्तात जीवनसत्त्व ड कमी असेल तर ते हाडांसाठी घ्यावे. ठोक्यांसाठी त्यावर भिस्त ठेवू नये.

मॅग्नेशियमबद्दल इतके ठामपणे बोलता येत नाही. रक्तातील मॅग्नेशियम कमी असलेल्यांत एएफ अधिक आढळतो, आणि रुग्णालयात वेगवान ठोके आवरण्यासाठी इतर औषधांच्या जोडीला शिरेतून मॅग्नेशियम देतातही. पण रोजच्या गोळीने एएफचे झटके कमी होतात हे चांगल्या चाचणीत सिद्ध झालेले नाही. कमतरता कोणाला असू शकते हे ओळखणे जास्त उपयोगाचे आहे: लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे, आम्लता कमी करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेणारे, नियमित मद्य घेणारे आणि सतत जुलाब होणारे. अशांनी तपासून घ्यावे. बिया, सुका मेवा, कडधान्ये आणि पालेभाज्या यांतून मॅग्नेशियम पुरेसे मिळते. पूरक घ्यायचेच असेल तर अमेरिकेतील आहारविषयक मानकांनी अन्नाव्यतिरिक्तच्या मॅग्नेशियमची कमाल मर्यादा दिवसाला ३५० मिलिग्रॅम ठरवली आहे. त्यापलीकडे जुलाब होतात आणि मूत्रपिंडे कमजोर असतील तर ते शरीरात साचते.

पोटॅशियम हे मात्र स्वतःहून गोळीतून घेण्याचे द्रव्यच नव्हे. रक्तातील पातळी लिटरमागे ३.५ ते ५ मिलिमोलच्या दरम्यान असावी लागते आणि ती खाली गेली तरी ठोके बिघडतात, वर गेली तरी जिवावर बेतू शकते. रक्तदाबाच्या कित्येक गोळ्या ही पातळी चढवतात, आणि ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात पोटॅशियम क्लोराइडच असते. या दोहोंचा संबंध रुग्णाच्या सहज लक्षात येत नाही. याउलट ज्येष्ठमध मोठ्या प्रमाणात घेत राहिल्यास पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब चढतो.

औषधांना छेद देणाऱ्या पूरकांची यादी सहकाऱ्यांनी कसून तपासली. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीनतेसाठी घेतली जाणारी वनस्पती नव्या गटातील रक्त पातळ करणाऱ्या औषधांची रक्तातील पातळी घटवते, म्हणजे गोळी चालू असूनही संरक्षण कमी होते. कोएन्झाइम क्यू१० ची रचना जीवनसत्त्व के शी मिळतीजुळती असल्याने ते वॉर्फरिनचा परिणाम कमी करू शकते. जिंको, लसणाचा अर्क आणि हळदीचा संहत अर्क यांनी रक्तस्रावाकडे कल वाढू शकतो. स्वयंपाकातल्या प्रमाणाबद्दल हे म्हणणे नाही. केसांसाठी घेतले जाणारे बायोटिन ठोक्यांना काही करत नाही, पण मोठ्या मात्रेत काही थायरॉइड तपासण्यांचे निष्कर्ष फिरवते, आणि टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) खोटा कमी दाखवून अतिसक्रिय थायरॉइडचा भास निर्माण करते. एएफच्या प्रत्येक नव्या रुग्णाची थायरॉइड तपासणी होत असल्याने ही गोष्ट रक्त देण्याआधीच सांगितलेली बरी.

४ फेब्रुवारी २०२६

कॉफी आणि मद्य. २०२१ च्या एका अभ्यासात एएफच्या रुग्णांनी आपापला संशयित कारक निवडून काही आठवडे तो घेऊन आणि काही आठवडे टाळून पाहिला. सर्वाधिक जणांनी निवडले कॅफिन; ज्याचा एएफशी संबंध प्रत्यक्ष दिसला ते मात्र एकटे मद्य. २०२५ मध्ये डेकॅफ नावाच्या चाचणीत, विद्युत् शॉकने लय पूर्ववत केलेल्या २०० रुग्णांपैकी निम्म्यांना कॉफी चालू ठेवायला आणि निम्म्यांना सोडायला सांगितले. सहा महिन्यांत एएफ परतण्याचे प्रमाण कॉफी पिणाऱ्यांत ४७ टक्के आणि सोडणाऱ्यांत ६४ टक्के निघाले. एवढ्यावरून कॉफीला औषध म्हणू नये, पण ती सरसकट बंद करायला लावण्याचेही काही कारण उरलेले नाही. ज्याला स्वतःला कॉफीने धडधड होते त्याने अर्थातच टाळावी. भरपूर कॅफिन आणि इतर उत्तेजके एकत्र असलेली शक्तिपेये ही वेगळी गोष्ट आहे, ती टाळावीतच.

मद्याबद्दल पुरावा स्पष्ट आहे. ऑस्ट्रेलियात नियमित मद्य घेणाऱ्या १४० एएफ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांत एएफ परतला तो मद्य सोडायला सांगितलेल्या गटात ५३ टक्के लोकांना आणि चालू ठेवणाऱ्या गटात ७३ टक्के लोकांना. डॉक्टरांनी इथे ‘कमी करा’ ऐवजी ‘शक्य असल्यास पूर्ण सोडा’ असे लिहायला सांगितले, आणि मला ते पटले.

११ फेब्रुवारी २०२६

वजन, व्यायाम, जेवणाच्या सवयी. ॲडलेड येथील लेगसी अभ्यास (२०१५) या प्रकरणाचा कणा आहे. जादा वजन असलेल्या ३५५ रुग्णांपैकी ज्यांनी १० टक्के किंवा अधिक वजन उतरवून ते टिकवले त्यांना एएफपासून मुक्त राहण्याची शक्यता इतरांच्या सुमारे सहापट होती. पण वजन सारखे खालीवर होत राहिलेल्यांचा हा लाभ पुष्कळसा गेला. म्हणून महिन्याभराच्या कडक आहाराची कोणतीही योजना आम्ही छापणार नाही. एएफ बरा करणारा असा कोणताही विशिष्ट आहार नाही. मीठ कमी करणे, रक्तदाब १३०/८० च्या खाली आणणे, साखर ताब्यात ठेवणे यांचा उपयोग होतो तो अलिंदावरचा ताण कमी झाल्यामुळे. रात्री पोटभर जेवून लगेच आडवे झाल्यावर ज्यांना झटका येतो त्यांच्या बाबतीत मेंदूपासून हृदय आणि पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस चेतेचा वाटा असू शकतो. त्यांनी रात्रीचे जेवण हलके आणि लवकर घेऊन पाहावे. यात गमावण्यासारखे काहीच नाही.

व्यायामाचे बहुतेकांना भय वाटते. झटक्यानंतर जिने चढणेसुद्धा बंद केलेली माणसे मला माहीत आहेत, आणि मीही त्या भीतीतून गेले आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲक्टिव्ह-एएफ चाचणीत १२० रुग्णांपैकी निम्म्यांना सहा महिने देखरेखीखाली, हळूहळू आठवड्याला २१० मिनिटांपर्यंत वाढवत नेलेला व्यायाम दिला. वर्षअखेर एएफमुक्त राहिलेले व्यायामाच्या गटात ४० टक्के आणि दुसऱ्या गटात २० टक्के होते. दुसऱ्या टोकाला, वर्षानुवर्षे अतिदीर्घ पल्ल्याच्या शर्यती करणाऱ्यांत एएफ वाढलेला दिसतो; स्वीडनमधील ९० किलोमीटरच्या वासालोपेट स्की शर्यतीत जास्त वेळा आणि जास्त वेगाने भाग घेतलेल्यांत तो अधिक आढळला. सामान्य वाचकाला या टोकाची चिंता करण्याचे कारण नाही, म्हणून ते एका वाक्यात आटोपले.

१७ फेब्रुवारी २०२६

झोप. घोरणे, झोपेत श्वास अडखळणे आणि दिवसा पेंग येणे यांपैकी काही असेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करून घ्यावी, एवढेच सांगून थांबायचे असे आधी ठरले होते. परंतु मुखवट्यातून हवा देणाऱ्या सीपॅप यंत्राबद्दल प्रामाणिकपणे लिहायचे तर दोन्ही बाजू द्याव्या लागतात: निरीक्षणात्मक अभ्यासांत यंत्र वापरणाऱ्यांत एएफ कमी परतला, तर २०२१ च्या एका यादृच्छिक चाचणीत एएफच्या कालावधीत फरक पडला नाही. यंत्राने रक्तदाब आणि दिवसाचा थकवा सुधारतो, हे कारण पुरेसे आहे असे माझे मत, तसेच लिहिले.

२६ फेब्रुवारी २०२६

गती की लय, या प्रकरणावर डॉक्टरांबरोबर दोन तास बसले. २००२ च्या अफर्म चाचणीत ४,०६० रुग्णांत औषधांनी लय टिकवण्याचा प्रयत्न केलेल्यांचे आयुर्मान केवळ गती आवरलेल्यांपेक्षा अधिक नव्हते, आणि त्यानंतर बराच काळ गती आवरण्यालाच पसंती राहिली. २०१० च्या रेस-२ चाचणीने विश्रांतीतील ठोके ११० च्या आत ठेवले तरी ८० च्या आत ठेवण्याइतकेच चालते हे दाखवले. मग २०२० मध्ये ईस्ट-एएफनेट ४ आली: निदानापासून वर्षाच्या आत लय टिकवण्याचे उपचार सुरू केलेल्यांत हृदयविकाराने मृत्यू, पक्षाघात आणि हृदयाच्या कारणाने रुग्णालयात दाखल होणे यांचे एकत्रित प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी कमी झाले. यामागचे शरीरशास्त्र १९९५ मध्येच नेदरलँड्समध्ये शेळ्यांवरील प्रयोगांत दिसले होते: अलिंद जितका काळ थरथरत राहील तितके ते थरथरत राहण्यालाच सरावते. आमच्या पुस्तिकेत म्हणून ‘निदानानंतर पहिल्या वर्षातच लयीबद्दल विचारा’ असे वाक्य आले आहे.

औषधांच्या गुणदोषांत फ्लेकेनाइड आणि ॲमिओडेरोन यांवर भर दिला. फ्लेकेनाइड निरोगी रचनेच्या हृदयात चांगले चालते, परंतु हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना ते देत नाहीत, कारण १९८९ च्या कास्ट चाचणीत अशा रुग्णांत त्याने मृत्यू वाढले होते. ॲमिओडेरोन परिणामकारक आहे, पण त्याच्या वजनाच्या सुमारे ३७ टक्के आयोडीनच असते आणि ते शरीरात महिनोन्महिने राहते. थायरॉइड, यकृत, फुप्फुसे आणि डोळे यांची ठरलेल्या अंतराने तपासणी आवश्यक. विद्युत् शॉकने लय पूर्ववत करायची असेल आणि झटका कधी सुरू झाला ते नक्की नसेल, तर आधी तीन आठवडे रक्त पातळ करणारी गोळी नियमित झालेली असावी किंवा अन्ननलिकेतून इको करून अलिंदात गुठळी नाही हे पाहावे. नंतर किमान चार आठवडे गोळी चालूच ठेवावी.

५ मार्च २०२६

ॲब्लेशन. १९९८ मध्ये बोर्डो येथील मिशेल हायसागेर यांच्या गटाने ४५ रुग्णांत दाखवून दिले की झटका सुरू करणाऱ्या केंद्रांपैकी ९४ टक्के फुप्फुसांतून डाव्या अलिंदात येणाऱ्या शिरांमध्ये असतात. आजचे ॲब्लेशन यावरच उभे आहे: त्या शिरांच्या तोंडांभोवती उष्णतेने, थंडीने किंवा अलीकडे विद्युत्क्षेत्राच्या स्पंदांनी व्रण करून त्यांचा विद्युत् संबंध तोडायचा. अधूनमधून झटका येणाऱ्यांत यश चांगले, सतत एएफ असलेल्यांत कमी, आणि काहींना पुन्हा करावे लागते. हृदयाभोवती रक्त साचणे ही दुर्मीळ पण गंभीर गुंतागुंत. त्याहून दुर्मीळ म्हणजे काही आठवड्यांनी अन्ननलिकेला पडणारे छिद्र. त्यामुळे प्रक्रियेनंतरच्या दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणे किंवा नवी मज्जासंस्थेची लक्षणे दिसली तर थेट त्याच केंद्राला कळवायचे, हे चौकटीत घेतले.

माझा स्वतःचा निर्णय याच आठवड्यात झाला. गोळ्या चालू असूनही झटके लांबत चालले आहेत, म्हणून मी ॲब्लेशनला होकार दिला. ‘मग रक्त पातळ करणारी गोळी कधी बंद होईल?’ असे मी विचारले तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, “लय सुधारली म्हणून ती बंद करत नाही हो, तुमचे गुण पाहून ठरवतो.” ॲब्लेशन यशस्वी झालेल्या काही रुग्णांत गोळी थांबवता येईल का याची चर्चा २०२५ मधील चाचण्यांनी पुन्हा सुरू केली आहे, तरी तो निर्णय दोघांनी बसून घ्यायचा असतो. तो प्रश्नोत्तरांचा तुकडा पुस्तिकेत जसाच्या तसा घेण्याची परवानगी त्यांनी दिली.

१३ मार्च २०२६

तातडीचे पान, एकाच बाजूला, भिंतीवर लावता येईल असे. चेहरा एका बाजूला ओघळणे, हात वर न उचलता येणे, बोलणे अडखळणे: वेळ पाहून ठेवायची, शेवटची रक्त पातळ करणारी गोळी कधी घेतली ते सांगायचे आणि लगेच रुग्णवाहिका बोलवायची. भोवळ येऊन पडणे, छातीत दुखणे, बसूनही दम लागणे यांतही घरी थांबायचे नाही. गोळी चालू असताना डोक्याला मार लागला तर बरे वाटत असले तरी तपासून घ्यायचे. काळी, डांबरासारखी शौच म्हणजे आतला रक्तस्राव असू शकतो.

१९ मार्च २०२६

मसुदा काही रुग्णांनी वाचला. त्यांच्या सूचनेवरून भेटीला नेण्याचा कोरा तक्ता शेवटच्या पानावर आला: झटक्याची तारीख, सुरुवात आणि शेवट, त्या वेळची नाडी, आधीच्या बारा तासांतले मद्य, झोप आणि जेवण, चालू औषधे, आणि वेगळ्या रकान्यात सगळी पूरके मात्रेसह. पूरकांचा रकाना मोठा हवा असे तिघींनी लिहून कळवले. तो दुप्पट केला. गरोदरपणातील एएफ आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर उद्भवणारा एएफ हे दोन विषय दुसऱ्या आवृत्तीसाठी राखून ठेवले आहेत. अंतिम प्रत सोमवारी डॉक्टरांकडे जाईल.